दोन ते चार आई खेळते

माझी आई कॅरम वाईट खेळते. हे आधीच सांगून टाकते, कारण ती रोज दुपारी खेळते म्हटलं की लोक लगेच विचारतात, "अरे वा, स्पर्धेत वगैरे उतरतात का?" नाही उतरत. तिची सोंगटी भोकाच्या तोंडाशी जाऊन थांबते आणि मागून स्ट्रायकर आत पडतो. मग दंड. तळमजल्यावरच्या मालवणी काकू कपाळाला हात लावतात, "गो बाय, ह्यो तुझो हात आसा काय पाय?" आई हसते, जिंकलेली एक सोंगटी बोर्डावर परत ठेवते आणि पुढच्या पाळीला पुन्हा तेच करते.

एखादी गोष्ट करायची तर ती जमलीच पाहिजे, जमत असेल तर बक्षीस पाहिजे, बक्षीस नसेल तर निदान तब्येत तरी सुधारली पाहिजे, हे आपल्या डोक्यात कोणी भरलंय? बाईमाणसाच्या बाबतीत तर विचारूच नका. चालायला जाते, का? शुगर आहे. विणते, का? नातीला स्वेटर. प्रत्येक गोष्टीला कारण जोडावं लागतं, रजेच्या अर्जाला दाखला जोडावा तसं. मी घरकामगार बायकांच्या संघटनेत काम करते, पत्रकं लिहिते, त्यामुळे या विषयावर माझं तोंड लवकर सुटतं. पण हे मला कळलं ते पत्रकांतून नाही, मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, मीटरच्या खोलीशेजारच्या एका कोंदट खोलीत.

आई घाटकोपरच्या एका शाळेत शिकवायची. आख्खी नोकरी एकाच शाळेत. मराठी आणि इतिहास, आणि कोणी रजेवर असेल तर भूगोल, चित्रकला, शिवण, काहीही. शिक्षकांच्या घरात वाढलेल्यांना ऑफ तास माहीत असतो. इतरांसाठी सांगते. रोजच्या वेळापत्रकात शिक्षकाला एखादा तास मोकळा असतो. त्यात वह्या तपासायच्या, पाणी प्यायचं, जरा पाय पसरायचे. कागदावर. प्रत्यक्षात काय व्हायचं, तर तास सुरू होऊन आई खुर्चीत टेकली रे टेकली की शिपाई दारात. "बाई, सातवी ब मोकळी आहे. मोठ्या बाईंनी सांगितलंय, नुसतं जाऊन बसा." याला म्हणायचं प्रॉक्सी. दुसऱ्याच्या वर्गावर आपला तास घालवायचा.

आणि ते फक्त वर्गावर बसण्यापुरतं थांबत नाही. मतदारयाद्या, जनगणना, पोलिओचा डोस, खिचडीचा हिशोब, कोणाचं आधार कार्ड लिंक नाही, कोणाच्या आईला शाळेत बोलावून आणा. आपल्याकडे शिक्षक म्हणजे सरकारला सापडलेला फुकटचा माणूस. यावर मी चार पानं लिहू शकते, पण तूर्त राहू द्या. सांगायचं एवढंच की माझ्या लहानपणी आई संध्याकाळी घरी यायची, पर्स खुंटीला लावायची आणि म्हणायची, "आजपण गेला."

बाबा तेव्हा पोस्टात. ते पेपरातून डोकं न काढता विचारायचे, "काय गेलं?"

"ऑफ तास."

"मग नाही म्हणायचं ना."

"मुलं वर्गात बोंबलत असतात हो. नाही कसं म्हणणार?"

मला ते बोलणं पाठ होतं. दादालाही. आम्ही दोघं भातुकलीत सुद्धा ते खेळायचो. मी आई व्हायचे, दादा शिपाई.

आईला कोणी कधी चिडलेलं पाहिलं नाही. शाळेतली मुलं अजून घरी येतात, बायकोला घेऊन येतात, बाळाला तिच्या मांडीवर ठेवतात. सोसायटीत तिला नावाने कोणीच हाक मारत नाही, सगळ्यांची ती बाई. रविवारी सकाळी ती विहारात जाते, वंदना झाली की तिथल्या मुलींना लेझीम शिकवते. घरी आल्यावर पुरवणीतलं शब्दकोडं पेनाने सोडवते आणि चुकलं की त्याच चौकोनात दुसरं अक्षर बसवते. नातीवर जीव. दादा, वहिनी आणि चार वर्षांची माझी भाची शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. दोघं नोकरीवर जातात, त्यामुळे भाची बालवाडीतून थेट आमच्याकडे. आई तिला भरवते, गोष्ट सांगते, झोपवते. यातलं काही तिच्यावर लादलेलं नाही, ती ते अगदी मनापासून करते.

पण निवृत्त झाल्यावर पहिल्याच सोमवारी, भाचीला झोपवून, आईने बाबांना हॉलमधून आत बोलावलं. "ही आता चारला उठेल. तुम्ही इथे पेपर वाचा."

"आणि तू?"

"मी खाली जातेय."

"कशाला?"

"अशीच."

ती अशीच खाली गेली. मीटरशेजारच्या खोलीत सोसायटीचा जुना कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून उभा होता. कधीकाळी पोरं खेळायची, मग पोरांच्या हातात मोबाईल आले. आईने तो पुसला, आडवा केला. दुसऱ्या दिवशी बाबांनी वर बल्ब लावून दिला, तिसऱ्या दिवशी मालवणी काकू काय चाललंय बघायला आल्या आणि बसल्याच. मग टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आले. ते बोर्डावर पावडर अशी टाकतात की तळहातापासून कोपरापर्यंत सगळे पांढरे. चौथ्या आल्या बाजूच्या विंगमधल्या गुजराती बेन. त्या सगळ्यांत भारी खेळतात आणि मारताना डोळे मिटतात.

दोन ते चार. रोज. बाबा वर भाचीशेजारी पेपर वाचतात म्हणजे तेही झोपतात, आणि आई खाली हरते. मी एकदा गंमतीने म्हटलं, "आई, हा तुझा ऑफ तास गं." ती म्हणाली, "हो. आणि इथे शिपाई नाही." इतकी खूश होती!

शिपाई आला. पार्सलच्या रूपाने आला.

आमच्याकडे हल्ली कोथिंबीरसुद्धा पार्सलने येते. दिवसभर बाईकवाली पोरं गेटपाशी, घरात कोणी नाही, वॉचमनची केबिन एवढीशी, त्यात त्याची खुर्ची आणि डबा. मग खोके जायला लागले कॅरमच्या खोलीत. आधी कोपऱ्यात, मग खुर्च्यांवर. एक दिवस आई खाली गेली तर बोर्डावरच मिक्सरचा खोका, डायपरचा गठ्ठा आणि कुत्र्याच्या खाण्याची पिशवी. ती उचलून तिने खाली ठेवली. रोज उचलायला लागली. त्यात दर दहा मिनिटांनी कोणीतरी दारात, "बाई, माझं आलंय का बघता जरा?" बाई बघायच्या. सवय. काकू ओरडायच्या, "अगो, तुझी पाळी!" आणि आई हातात कोणाचा तरी बुटांचा खोका घेऊन फ्लॅट नंबर वाचत असायची.

महिन्याभराने लिफ्टशेजारी नोटीस लागली. सदर खोली पार्सल ठेवण्यासाठी वापरण्यात येईल, जुने सामान हलवण्यात येईल, विषय रविवारच्या सभेत.

माझी सटकली. जुने सामान म्हणजे काय? बोर्ड की आई?

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. हे काम मला येतं. मथळा, तीन मुद्दे, मागणी. ज्या बाईने इतकी वर्षं समाजाची मुलं घडवली, जी आजही आपल्या नातीला सांभाळून दोन माणसांच्या नोकऱ्या शक्य करते, तिच्या हक्काच्या विश्रांतीवर घाला, वगैरे. झेरॉक्स काढून प्रत्येक दाराखाली सरकवायचं ठरवलं. आधी आईला वाचून दाखवलं.

ती भाचीचे केस विंचरत होती. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "छान लिहिलंस. वाटू नकोस."

"का? घाबरतेस?"

"घाबरायचं काय त्यात. पण हे माझ्याबद्दल नाहीये."

"मग कोणाबद्दल आहे?"

"कुठल्यातरी थकलेल्या बाईबद्दल आहे. मी दमले म्हणून खेळत नाही गं. आणि इतकं केलं म्हणून मला खेळू द्या, असंही नाही. मी काहीच केलं नसतं तर?"

"तर काय?"

"तर नसतं का खेळायचं मी?"

मी म्हटलं, "आई, सभेत असं बोलून चालत नाही. लोकांना कारण लागतं. कष्टांचं नाव घेतलं की लोक गप्प बसतात."

"गप्प बसतात, बरोबर. आणि दुसऱ्या दिवशी परत पार्सल आणून ठेवतात." तिने भाचीला रबर लावला. "जा, आजोबांना दाखव वेणी."

मी चिडले. खरं सांगायचं तर मला तिचा स्वभाव माहीत होता आणि भीती त्याचीच होती. सभेत कोणीतरी गोड बोलणार, ही मान हलवणार, बरं म्हणणार. आयुष्यभर हेच झालं होतं. शाळेत निदान पगार तरी होता. इथे ती दोन ते चार गमावून बसणार आणि वर म्हणणार, जाऊ दे गं, त्यांचीही अडचण आहे. म्हणून रविवारी मी पत्रकाचा कागद घडी करून खिशात ठेवलाच. तिला नाही जमलं तर मी उभी राहणार होते.

सभा गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी चाळिशीचा, आयटीतला, माणूस वाईट नाही. लिफ्ट बंद पडली तर स्वतः कंपनीला फोन लावून मागे लागणारा. त्याने पार्सलचा विषय मांडला. हरवलेले खोके, चिडलेले सभासद, वॉचमनला धड जेवता येत नाही. सगळं खरं होतं. मग त्याने आईकडे पाहिलं आणि चेहरा उजळला, अगदी आत्ताच सुचल्यासारखा.

"बाई, आपण असं करू या ना. बोर्ड हलवायचाच नाही. तुम्ही चौघं दुपारी तिथे बसताच. मग येणारी पार्सलं तुम्हीच ताब्यात घ्या, नंबर बघून द्या. वॉचमन निवांत जेवेल, तुमचा खेळपण चालू राहील. नाहीतरी तुम्ही त्या वेळेत रिकाम्याच असता."

लोक खूश. "हां, हे झकास." "बाई म्हणजे काय, एकदम चोख काम." कोणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

मी आईकडे बघितलं. तिची मान किंचित कलली. ही कलती मान मी लहानपणापासून पाहिलीय, तिच्यानंतर "बरं" येतं. माझा हात खिशात गेला.

"दोन ते चार मी रिकामी नसते," आई म्हणाली.

सेक्रेटरी हसला. "म्हणजे? काय करता बाई?"

"खेळते."

मागून कोणीतरी खुसखुसलं. चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा, सगळ्या सभांत पहिल्या रांगेत बसणारे, वळून म्हणाले, "अहो बाई, पण खेळणं म्हणजे काय काम आहे का?"

"नाही ना. काम असतं तर मी हो म्हटलं असतं. कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. विचारा यांना."

यांना म्हणजे बाबांना. बाबांनी इतक्या जोरात मान हलवली की खुर्ची कुरकुरली.

"पण बाई," सेक्रेटरी समजावणीच्या सुरात आला, "त्यात करायचं काय आहे? नुसतं बसायचं तर आहे."

तेव्हा मात्र आई उभी राहिली. आवाज चढवला नाही. तिचा वर्गातला आवाज तसाही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. "हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. नुसतं बसा. वर्गात नुसतं बसता येत नाही आणि पार्सलपाशीही येत नाही. कोणी दारात आलं की डोकं तिकडे जातं. आठवडे झाले, मी कोणाचे बूट, कोणाचा मिक्सर बघतेय. माझा नेम चुकतो."

"तुझो नेम आधीसूनच तसलो!" मालवणी काकू ओरडल्या.

आख्खी गच्ची हसली. आई सगळ्यांत जास्त. पण हसून झाल्यावरही ती उभीच राहिली, आणि मला कळलं की आज "बरं" येणार नाही.

आजोबा अजून सोडत नव्हते. "म्हणजे चार माणसांच्या टाइमपाससाठी सगळ्या सोसायटीची गैरसोय?"

"टाइमपासच आहे," आई म्हणाली. "खोली सोसायटीची आहे. तुम्ही हात वर करून नाही म्हणालात तर मी बोर्ड घरी नेईन, पलंग सरकवीन. पण मी पार्सल सांभाळणार नाही. खोली मिळाली तरी नाही आणि नाही मिळाली तरी नाही. आणि वॉचमनला जेवायला वेळ देणं कमिटीचं काम आहे. दुपारचा बदली माणूस ठेवा, नाहीतर तुमच्यातलं कोणी आळीपाळीने बसा."

आळीपाळीने बसा म्हटल्यावर सगळे आपापल्या मोबाईलमध्ये डोकावायला लागले. मला इतकं हसू येत होतं! मी तोंडावर ओढणी धरली. माझ्या पत्रकात वॉचमनबद्दल एक ओळ नव्हती, आणि मी कामगार संघटनेत आहे.

मग घासाघीस झाली. टेलिफोनवाल्या काकांनी हिशोबी माणसासारखं सुचवलं की भिंतींना लोखंडी फळ्या मारा, प्रत्येक मजल्याला एक, पोरं येऊन आपापलं ठेवतील, लोक येऊन आपापलं उचलतील, मध्ये बोर्ड. सेक्रेटरी म्हणाला, "आणि चोरी झाली तर?" यावर गुजराती बेन पटकन म्हणाल्या, "अरे, आम्ही चार जण तिथेच बसले असणार ना, कोण चोरणार?" आईने त्यांच्या मांडीवर चापट मारली. "बेन, तुम्ही काही बोलू नका."

शेवटी हात वर झाले. सगळे नाही. आजोबांचा नाहीच, आणखीही चार-पाच घरांचे नाही. पण फळ्या मंजूर झाल्या, खोली राहिली, आणि दुपारी दोन तास वॉचमनच्या जागी दुसरा माणूस येईल असं ठरलं. तो यायला दिवाळी उजाडली आणि फळ्या अजून दोनच भिंतींना आहेत, ही आपली कमिटी. पण ठरलं. फळ्या लागल्यापासून कोणी दारात येऊन "बाई, जरा बघता का" म्हणालं की आई बोर्डावरून नजर न काढता फळीकडे बोट करते. पहिल्यांदा तिने तसं केलं तेव्हा समोरचा मुलगा दोन मिनिटं तसाच उभा राहिला म्हणे. मग स्वतः शोधून घेऊन गेला. हरवलं कोणाचंच काही नाही.

सोसायटी तरी सोपी. घरच्यांचं काय?

तेही झालं, महिन्या-दीड महिन्याने. बाबा लग्नाला गावी गेले होते, बुलढाण्याकडे. सकाळी दादा चहाला आला. तो गोरेगावला ऑफिसला जातो, सकाळी आमच्याकडे चहा पिऊनच.

"आई, बाबा नाहीत ना. मग आज दुपारी तू आहेस ना हिच्यापाशी?"

"दोनपर्यंत आहे. चारनंतर आहे."

"आणि मधे?"

"मधे तू बघ."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नकोस, मला मरोळला मीटिंग आहे." ती मीटिंग संध्याकाळची होती, पण ते त्याला कशाला सांगू?

"अगं आई, एक दिवस खेळली नाहीस तर..."

"तर काय होतं?" आईने चहा गाळता गाळता विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नाही. दादाने खिशातून मोबाईल काढला. लहानपणी शिपाई तोच व्हायचा, त्याच्या ते लक्षात आलं की नाही मला माहीत नाही. मग म्हणाला, "बरं. घरून काम करतो म्हणून कळवतो."

"तूप लावून पोळी ठेवलीय तुझ्यासाठीपण," आई म्हणाली. "जेवायला इथेच ये."

त्या दुपारी दादा आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. कानाला हेडफोन, शेजारच्या खोलीत मुलगी. तीनला ती उठली, तासभर आधीच. दूध पाहिजे, आजी पाहिजे, निळी बाटली पाहिजे. दादाने स्वयंपाकघरातले सगळे डबे उघडले. मी मदत केली नाही. हे दुष्टपणाने नाही, तत्त्वाने. शेवटी तो तिला कडेवर घेऊन खाली गेला. काय होतंय बघायला मीही मागून गेले.

खोलीत बल्ब पेटलेला. काकांचे हात कोपरापर्यंत पांढरे. बेन डोळे मिटून नेम धरत होत्या. बोर्डावर राणी उरली होती आणि आईची नि बेनची एकेक सोंगटी.

"आई, तिची निळी बाटली..."

आईने एक बोट वर केलं. थांब.

"अगं, फक्त बाटली कुठे..."

"मेल्या, गप रव," मालवणी काकू म्हणाल्या. "राणी भायेर आसा."

भाची रडायची थांबली होती, आजीच्या खांद्यावरून वाकून बोर्डाकडे बघत होती. दादाने इकडे तिकडे बघितलं, फळीखालचं स्टूल ओढलं, तिला मांडीवर घेऊन बसला. एक बाईकवाला मुलगा आत आला, कोणाचा तरी खोका तिसऱ्या मजल्याच्या फळीवर ठेवून गेला. कोणी वर बघितलं नाही.

"बाबा, आजी काय करते?" भाचीने विचारलं.

"खेळतेय," दादा हळू आवाजात म्हणाला. "झाल्यावर येईल."